बाटलीने दूध पिणारं वाघाचं पिल्लू पुढे कुठे जातं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पर्यटन पुरवणीत मध्यंतरी एक फोटो आला होता, हसरं जोडपं, मांडीवर वाघाचं पिल्लू आणि पिल्लाच्या तोंडात दुधाची बाटली. तारीख आठवत नाही आणि मला काही त्यावरून भांडण काढायचं नाहीये, त्यामुळे ते जाऊ दे. फोटो गोड होता हे आधीच कबूल करतो. माझ्या भाच्याने पण परदेशातून अस्साच फोटो काढून आणलाय, त्याने फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा पहिला बदाम मीच दिला होता. पण त्यानंतर दोनेक महिन्यांनी सुटका केलेल्या वाघ-सिंहांच्या एका केंद्रात अख्खा दिवस घालवायचा योग आला आणि तिथून आल्यापासून तो बदाम मला टोचतोय, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो.

अशा जागेला मराठीत नेमकं काय म्हणायचं हाच पहिला घोळ. अभयारण्य म्हणावं तर लोकांना जंगल आणि जिप्सी आठवते, प्राणिसंग्रहालय म्हणावं तर तेही नाही, कारण प्राणी दाखवणं हे तिथलं मुख्य काम नाहीच. मला विचाराल तर वाघांचा पांजरपोळ हाच शब्द बरोबर बसतो. म्हणजे ज्यांचं कुणाला काही काम उरलेलं नाही, ज्यांना जंगलात सोडता येत नाही आणि ज्यांना मारायला कुणाचा हात धजत नाही, असे वाघ, सिंह, बिबटे तिथे उरलेलं आयुष्य काढतात. सर्कशीतून आलेले, कुणाच्या तरी फार्महाउसवरच्या पिंजऱ्यातून आलेले, बंद पडलेल्या खासगी झूमधून आलेले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांना गर्दी नकोच आहे. मोजकेच लोक घेतात, तेही ठरलेल्या वेळी आणि सोबत त्यांचा माणूस असतोच.

गेटवरच पहिला धक्का. एका उथळ ट्रेमध्ये औषधाचं पाणी, त्यात बूट बुडवून मगच आत जायचं. माझी मुलगी आठ वर्षांची, तिला ते फार आवडलं, तिने तीनदा बूट बुडवले. मला वाटलं काय हे नखरे, पण कारण ऐकल्यावर गप्प झालो. 2020 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधल्या वाघिणीला कोरोना झाला होता, तो माणसाकडूनच गेला असणार असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि 2024 च्या शेवटी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या अशाच एका केंद्रात बर्ड फ्लूने 20 मार्जारवर्गीय प्राणी थोड्याच दिवसांत गेले. म्हणजे आपण वाघाला घाबरतो ते ठीकच आहे, पण त्यांनीही आपल्याला घाबरायला हरकत नाही.

दुसरा धक्का असा की दिसण्यासारखं फारसं काही नव्हतं. मोठमोठी कुंपणं, आत उंच गवत, झाडं, लाकडी मचाणं, पाण्याचं डबकं, आणि वाघ कुठे तर कुठेतरी गवतात. आमच्यासोबतच्या एका गृहस्थांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तर सोबतच्या मुलीने (ती तिथे कीपर होती) त्यांना इतक्या शांतपणे थांबवलं की टाळी अर्ध्यातच राहिली. ती म्हणाली, याला टाळ्यांवर उठायची सवय लावली होती, ती मोडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. लपायची जागा असणं हा तिथला नियमच आहे, प्राण्याला वाटलं तर तो दिसेल, नाही वाटलं तर नाही. माझी मुलगी म्हणाली, बाबा हा झोपलाच आहे. झोपलाच असणार, सिंह तर दिवसाचे सोळा-अठरा तास लोळत काढतो. आपण झूमध्ये खडे मारून उठवलेले सिंह बघून मोठे झालोय म्हणून आपल्याला झोपलेला सिंह म्हणजे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

तिथली एक वाघीण मात्र मी विसरणार नाही. वय सतरा, म्हणजे म्हातारीच, जंगलातला वाघ इतका सहसा जगत नाही. एका फिरत्या सर्कशीतून आलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचे पाय अखडलेले, आणि पुढच्या पायांना नखं नाहीत. नखं काढली म्हणजे कापली असा माझा समज होता, पण वाघाचं नख हाडातून वाढतं, ते परत येऊ नये म्हणून प्रत्येक बोटाचं शेवटचं पेरच तोडतात. आपल्या दहाही बोटांची शेवटची पेरं उडवली असं धरा. मग पुढे पाय टाकायची पद्धत बदलते, भार भलतीकडे पडतो, म्हातारपणी सांधे जातात. ती चालायची ती जणू तापलेल्या फरशीवरून चालल्यासारखी. तिचं मचाण मुद्दाम कमी उंचीचं केलेलं, चढायला उतार दिलेला आणि त्यावर वाळलेलं गवत अंथरलेलं.

आणि ती वाघीण कुंपणाच्या एकाच बाजूने फेऱ्या मारत होती. अकरा पावलं तिकडे, वळायचं, अकरा पावलं इकडे. मी मोजली. एवढी मोठी मोकळी जागा मागे पडलेली, आणि ही तेवढ्याच पट्ट्यात. कीपर म्हणाली, सर्कशीच्या गाडीतला पिंजरा याहून लहान होता पण फेरीची सवय तीच, आता कमी झालीये, पूर्वी दिवसभर चालायची आता फक्त खायच्या वेळेआधी. पूर्ण जाईल का विचारलं तर तिने मान हलवली, नाही. पिंजरा सोडवता येतो, अंगात मुरलेला पिंजरा नाही सोडवता येत (हे वाक्य माझं आहे, तिने फक्त मान हलवली).

मग ती मुलगी कुंपणापाशी जरा वाकली आणि नाकातून फुर्र फुर्र असा आवाज केला, घोडा फुरफुरतो ना साधारण तसा पण हलका. आणि त्या म्हातारीने थांबून तसंच उत्तर दिलं! वाघाला मांजरासारखं घुरघुरता येत नाही, ओळखीच्याला भेटल्यावर तो असा फुरफुरतो. इतक्या वर्षांत वाघाची डरकाळी शंभर वेळा ऐकली असेल टीव्हीवर, पण वाघाचा नमस्कार मी पहिल्यांदा ऐकला. आता यात गंमत बघा, ती मुलगी सहा वर्षं तिची देखभाल करते आणि आजपर्यंत एकदाही तिच्यासोबत एका आवारात उभी राहिलेली नाही. साफसफाई करायची तर आधी वाघिणीला आतल्या नाइट हाउसमध्ये घ्यायचं, सरकतं दार बंद, कुलूप, दुसऱ्या माणसाने कुलूप ओढून बघायचं, मगच आत. रक्त काढायचं असलं तरी बेशुद्ध करत नाहीत, जाळीला टेकून बसायला शिकवलंय, खालच्या फटीतून शेपूट बाहेर ओढून घेतात आणि शेपटीतून रक्त काढतात, तोपर्यंत दुसरा माणूस पुढून लांब चिमट्याने मांसाचे तुकडे देत असतो. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो हे ज्यांना रोज जगायचंय ते लोक वाघाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत नाहीत. ज्या जागी मालक सिंहाच्या अंगावर लोळताना दिसतो ना, तिथे काहीतरी गडबड आहे एवढं मी आता न विचारता सांगू शकतो.

आता पिल्लाकडे येतो, कारण खरा मुद्दा तोच.

वाघीण साधारण साडेतीन महिन्यांत विते, दोन-चार पिल्लं होतात, जन्मतः डोळे मिटलेली आणि वजन किलोभर. जंगलात ती दीड-दोन वर्षं आईच्या मागे असतात, शिकार, लपणं, कुणापासून लांब राहायचं, सगळं तिच्याकडूनच शिकतात. फोटोच्या धंद्यात पिल्लू काही दिवसांचं असतानाच काढून घेतात, कारण माणसांच्या हाताची सवय लागली पाहिजे. आपण वाघिणीचं दूध ही उपमा भलत्याच गोष्टीला वापरतो आणि इथे प्रत्यक्ष वाघिणीच्या पोराला ते मिळत नाही, बाटलीतलं मिळतं. त्यातून पुढे नुसतं बोनलेस चिकन घालून वाढवलं की कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं वाकतात, अशा वाकड्या पायांचा एक वाघ तिथे पाहिला, वाढ पूर्ण झालेली पण उंची अर्धवट. आणि पिल्लं गेली की आई लवकर परत माजावर येते, पुन्हा पिल्लं, पुन्हा तेच. जंगलात ती दोन-अडीच वर्षांनी वेत घेते.

बरं, हे पिल्लू कामाचं किती दिवस? अमेरिकेत जेव्हा हे राजरोस चालायचं तेव्हा तिथल्या सरकारी खात्याचं म्हणणं साधारण असं होतं की आठ आठवड्यांच्या आत पिल्लाची प्रतिकारशक्ती कच्ची असते आणि बारा आठवड्यांनंतर ते माणसाला इजा करू शकतं. म्हणजे मधले चार आठवडे. चार आठवड्यांची कमाई आणि पुढे अठरा-वीस वर्षांचं पोट, आणि पोट म्हणजे रोजचं पाच-सहा किलो मांस. कुठला धंदेवाला हा हिशोब पाळेल तुम्हीच सांगा. म्हणून पुढच्या सीझनला नवीन पिल्लं आणि आधीची कुठे गेली त्याचं उत्तर नाही. मी भाच्याला विचारलं, तू गेलास तिथे मोठे वाघ किती होते? म्हणाला, चार-पाच दिसले. आणि पिल्लं? म्हणाला, पिल्लं तर भरपूर होती, वर्षभर असतात म्हणे. हे बोलल्यावर तो स्वतःच गप्प बसला, मी काही बोललो नाही.

थायलंडमध्ये कांचनाबुरीला वाघांचं मंदिर म्हणून प्रसिद्ध जागा होती, आपल्याकडचेही कितीतरी लोक तिथे जाऊन वाघाशेजारी बसून आलेत. 2016 मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याने 147 वाघ ताब्यात घेतले तेव्हा फ्रीझरमध्ये 40 मेलेली पिल्लं सापडली. आणि गोष्ट तिथे संपत नाही, 2019 पर्यंत त्या 147 पैकी 86 वाघ सरकारी केंद्रात मेले. खात्याने सांगितलं की आपसातल्याच पैदाशीमुळे वाघ मुळातच कमजोर होते, काहींचा घसा आखडून श्वास अडकत होता, काहींना डिस्टेंपर (विषाणूमुळे होणारा, एरवी कुत्र्यांमध्ये दिसणारा आजार) झाला. सरकारी केंद्रांत त्यांची नीट सोय झाली का यावरही तेव्हा बरीच टीका झाली. माझं म्हणणं एवढंच की सुटका हा शब्द पेपरात एका दिवसाची बातमी असतो, पण त्यानंतर वीस वर्षं कुणीतरी शेण काढायचं असतं, औषध द्यायचं असतं, आणि ते चित्र छापायला फार सुंदर नसतं.

दक्षिण आफ्रिकेत तर आणखी वाईट तऱ्हा. तिथे फार्मवर वाढवलेले सिंह हजारोंनी आहेत. अनाथ छावे म्हणून परदेशी पोरंपोरी स्वतःचे पैसे भरून त्यांना बाटलीने दूध पाजायला जातात, त्याला व्हॉलंटिअरिंग म्हणतात. तेच छावे मोठे झाले की त्यातले काही कुंपणाच्या आतच शिकाऱ्यापुढे सोडले जातात, माणसाला न घाबरणारा सिंह, पळणार कुठे? आणि हाडं निर्यात, 2017 साली सरकारने 800 सांगाड्यांचा कोटाच दिला होता. 2021 मध्ये तिथल्या सरकारने हे बंद करायचं धोरण जाहीर केलं. अनाथ हा शब्द कुठे दिसला की मी आता पहिलं विचारतो, आई कशी मेली? दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, इतक्या आया कशा मरतात?

अमेरिकेला जाग यायला फारच उशीर झाला. 2011 मध्ये ओहायोतल्या झेन्सव्हिल गावी एका माणसाने आपल्या घरामागच्या पिंजऱ्यांची दारं उघडली आणि स्वतःला गोळी घातली, अंधार पडत चाललेला, पोलिसांना दुसरा इलाज राहिला नाही, त्या रात्रीत 18 वाघ आणि 17 सिंह मारले गेले. एका घरामागे 18 वाघ! त्यानंतरही अकरा वर्षं गेली, 2022 च्या डिसेंबरमध्ये कुठे देशभराचा कायदा झाला की असे प्राणी पाळायचे नाहीत आणि पिल्लांना लोकांनी हात लावायचा नाही. भारत याबाबतीत पुढे होता हे लिहायला मला बरं वाटतं. 1998 सालीच केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना खेळात वापरायला बंदी केली, सर्कसवाले कोर्टात गेले, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली आणि मग त्या प्राण्यांसाठी बन्नेरघट्टा, तिरुपती वगैरे ठिकाणी रेस्क्यू सेंटर झाली. त्यातले बरेच सिंह गीरच्या आणि आफ्रिकेच्या सिंहांची सरमिसळ होते, म्हणजे गीरमध्ये सोडायचा प्रश्नच नव्हता. त्यांची नसबंदी झाली आणि ते आहेत तिथे म्हातारे झाले. लोक विचारतात एवढे चांगले सिंह, पैदास का नाही करत? अहो कशासाठी? पांजरपोळात पैदास सुरू झाली तर तो पांजरपोळ कसला, ते दुकान झालं.

पांढऱ्या वाघाबद्दल पण दोन ओळी, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त मोबाइल त्याच्यासमोर निघाले. बिचारा तिरळा होता. मला वाटलं जखम, पण तो रंगासोबतच आलेला दोष आहे, डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा नीट जुळलेल्या नसतात. पांढरा वाघ म्हणजे वेगळी जात नाही, नेहमीच्याच पट्टेरी वाघात फार क्वचित येणारा रंग. 1951 मध्ये रीवाच्या महाराजांनी जंगलात एक पांढरं पिल्लू पकडलं, मोहन नाव ठेवलं, पुढे त्याचा त्याच्याच मुलीशी संयोग घडवला तेव्हा कुठे 1958 मध्ये पांढरी पिल्लं झाली, आणि आज जगभर पिंजऱ्यांत जे पांढरे वाघ आहेत त्यातल्या बहुतेकांची वंशावळ फिरून फिरून त्या एकाशी जाऊन पोचते. नात्यातल्या नात्यात इतक्या पिढ्या. अमेरिकेतल्या मोठ्या झूंच्या संघटनेने 2011 मध्ये आपल्या सदस्यांना मुद्दाम अशी पैदास करायला मनाई केली. तरीही दुर्मिळ पांढरा वाघ वाचवूया असे बोर्ड अजून दिसतात. कशातून वाचवूया?

हे सगळं मी तुम्हाला का लिहितोय तर सँक्च्युअरी, रेस्क्यू, ऑर्फनेज हे शब्द कुणीही दारावर लावू शकतं. खऱ्या-खोट्याची पारख करणाऱ्या संस्था आहेत, 2007 पासून ग्लोबल फेडरेशन ऑफ अॅनिमल सँक्च्युअरीज म्हणून एक आहे, त्यांची पैदास नाही, विक्री नाही, हात लावणं नाही अशी अट असते. पण सहलीला निघालेला माणूस कुठे एवढं शोधत बसणार, तो तुमची पुरवणी वाचतो, फोटो बघतो आणि बुकिंग करतो. तुमच्या पुरवणीत चुकून नाही, चांगल्या हेतूनेच येत असणार, लिहिणाऱ्याला पण माहीत नसेल, मला तरी कुठे माहीत होतं. म्हणून मागणी अगदी लहान आहे. यापुढे असा लेख आला तर लेखकाला तीन प्रश्न विचारा, पिल्लाची आई कुठे आहे, मागच्या वर्षीची पिल्लं कुठे आहेत, आणि तिथे म्हातारे प्राणी दिसले का. म्हातारे दिसले नाहीत तर लेख छापू नका, निदान तो फोटो तरी नको.

आणि कुणाला खरंच अशा केंद्रात जायचं असेल तर जरूर जावं, पण काही न दिसण्याची तयारी ठेवून. माझ्या मुलीला परत येताना विचारलं काय आवडलं, तर म्हणाली बूट बुडवणं आणि फुर्र. गेले तीन आठवडे ती घरात येणाऱ्या प्रत्येकाला फुर्र करते, एकदा तर लिफ्टमधल्या अनोळखी आजोबांना केलं, आजोबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

भाच्याने फोटो अजून काढलेला नाही ग्रुपवरून, मी सांगितलंही नाही. माझा बदाम तेवढा काढून घेतला, तर लगेच त्याचा मेसेज आला, मामा काय झालं? त्याला हेच सगळं लिहीत बसलो होतो, मग वाटलं तुम्हालाही पाठवावं.

पत्र फार लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर अमेरिका कापा, पांढरा वाघ कापा, माझ्या मुलीचं तर अख्खं कापलं तरी चालेल, पण चार आठवड्यांचा हिशोब आणि अकरा पावलं कृपया राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक